इंटरनेटचं बटण अमेरिकेकडे आहे म्हणे. खरंय का? आणि नसेल तर मग कोणाकडे?

महापेकर
मंडळी, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरायला लागलाय. इंटरनेटचे म्हणे १३ मेन सर्व्हर आहेत, सगळे अमेरिकेच्या ताब्यात, उद्या आपलं त्यांच्याशी कशावरून फाटलं की एक बटण दाबून भारताचं नेट बंद. मी महाप्याला डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं काम करतो त्यामुळे सगळे मलाच टॅग करून खरंय का रे विचारतात, आणि तिथे चार ओळीत सांगून होत नाही म्हणून इथे लिहितोय. नाईट शिफ्ट आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

१३ हा आकडा बरोबर आहे पण ती १३ मशीन नाहीत, १३ नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. १२ संस्था मिळून ती चालवतात. त्यात अमेरिकन लष्कर आहे, नासा आहे, मेरीलँड युनिव्हर्सिटी आहे, पण नेदरलँड्समधली राइप, स्वीडनची नेटनॉड आणि जपानचा वाइड प्रोजेक्ट पण आहे. प्रत्येक नावामागे जगभर प्रती ठेवल्यात, सगळ्या धरून दीड हजाराच्या वर, काही आपल्या मुंबईत. त्यामुळे सर्व्हर बंद करून काही होत नाही.

मुद्दा वेगळाच आहे. या सगळ्यांवर एकच छोटी फाइल असते, रूट झोन. डॉट कॉम कोण सांभाळतं, डॉट इन कोण सांभाळतं, एवढीच यादी. ती यादी बदलायचा हक्क कोणाचा? आणि इथे अमेरिकेचा हात खरंच होता. आधी कॅलिफोर्नियातला जॉन पोस्टेल नावाचा संशोधक जवळजवळ एकट्याने ती बघायचा. १९९८ ला आयकॅन ही ना-नफा संस्था निघाली, त्याच वर्षी पोस्टेल गेला. काम आयकॅनकडे आलं पण यादीतल्या प्रत्येक बदलाला अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची मंजुरी लागायचीच. मग २०१३ ला अमेरिकेच्या हेरखात्यात काम केलेल्या स्नोडेनने त्यांची जगभरची पाळत उघडी केली, ब्राझीलच्या अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांचेच फोन ऐकले जात होते म्हटल्यावर त्या भडकल्या आणि अमेरिकेला हे ओझं नको झालं. मार्च २०१४ ला त्यांनी जाहीर केलं की आम्ही बाजूला होतो, पण अट एक, आमच्या जागी दुसरं सरकार किंवा सरकारांची संघटना बसवायची नाही. अडीच वर्षं खल झाला. शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतली चार राज्यं हे थांबवा म्हणून कोर्टात गेली, कोर्टाने ऐकलं नाही आणि १ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकन सरकारचा आयकॅनशी असलेला करार संपला.

आता यादीतला बदल आयकॅनच्या नियमांनी होतो आणि ते नियम सरकारं, कंपन्या, इंजिनिअर, संस्था आणि साधे वापरणारे असे सगळे मिळून ठरवतात. मला ही व्यवस्था आवडते, पण ती धड कोणाच्याच हातात नसल्यामुळे टिकली आहे असं माझं मत आहे. तुमचं काय?

वाशी४००७०३
एवढं मोठं वाचायला लोकल पनवेलपर्यंत जायला हवी. थोडक्यात सांगा ना, बटण आहे का नाही?

महापेकर
नाही.

नौपाड्याचे_आजोबा
महापेकर, छान लिहिलंत, पण तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं नाही. मी दूरसंचारमध्ये आख्खी नोकरी काढली, टेलेक्सच्या जमान्यापासून. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय व्यवहार आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेच्या नियमाने चालायचे, ती संस्था १८६५ सालची, तारेच्या काळात निघाली, तिथे प्रत्येक देशाला एक मत, मग तो देश अमेरिका असो की भूतान. सरकारला आपण निवडून देतो, जाब विचारू शकतो. ही तुमची आयकॅन कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली संस्था. तिला कोणी निवडून दिलं? ठाण्याच्या माणसाने तिच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? आपल्याच सरकारने २०११ ला संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव ठेवला होता की ५० देशांची एक समिती असावी इंटरनेट धोरणासाठी. मला तो योग्य वाटला होता. नंतर का गुंडाळला देव जाणे.

वकीलीणबाई_कोर्टनाका
काका, गुंडाळला कारण आपल्याच देशात आयटी कंपन्या आणि नागरी संस्था दोघांनीही त्याला विरोध केला. पुढच्या वर्षी दुबईला आयटीयूची परिषद झाली, डिसेंबर २०१२, तिथल्या नव्या कराराने सरकारांना इंटरनेटमध्ये जास्त शिरकाव मिळेल अशी भीती होती, ८९ देशांनी सही केली, ५५ नी नाही, आणि न करणाऱ्यांत भारत होता. २०१५ ला तेव्हाचे आयटी मंत्री रविशंकर प्रसाद यांनी ब्यूनोस आयर्सच्या आयकॅन बैठकीला सांगूनच टाकलं की भारत मल्टिस्टेकहोल्डर पद्धतीच्या, म्हणजे सरकारासोबत इतरही टेबलावर बसतील त्या पद्धतीच्या बाजूने आहे. फक्त राष्ट्रीय सुरक्षेच्या गोष्टीत सरकारचा शब्द शेवटचा.

आणि निवडून दिलेलं सरकार म्हणताय तर पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन मुलींना अटक. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ संसदेनेच केलेलं होतं की. ते २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं तेव्हा समोर याचिका कोणाच्या होत्या? एक कायद्याची विद्यार्थिनी, पीयूसीएल आणि कॉमन कॉज या नागरी संस्था, एक वेबसाइट कंपनी. निवडून दिलेल्या सरकारला आवरायला हीच बिगरसरकारी मंडळी लागली.

नौपाड्याचे_आजोबा
आणि रद्द केलं कोणी? कोर्टाने. ती एनजीओ नाही.

वकीलीणबाई_कोर्टनाका
😄 हा पॉइंट तुमचा.

घोडबंदरचा_पक्या
मी कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय म्हणून सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न साधा आहे. अमेरिकेकडे बटण नाही म्हणता, मग डॉट कॉमच्या साइट एफबीआय जप्त करते ते कसं? पायरसीवाल्या साइटवर त्यांचा शिक्का दिसतो आख्ख्या पानावर.

महापेकर
पक्या, एकदम बरोबर जागी बोट ठेवलंस. डॉट कॉम चालवणारी व्हेरिसाइन कंपनी व्हर्जिनियात आहे, अमेरिकन कोर्टाने सांगितलं की तिला ऐकावंच लागतं. म्हणजे भारतातल्या माणसाने डॉट कॉम घेतलं तरी त्याच्या नावाची दोरी त्या कोर्टापर्यंत जाते. डॉट इन ची दोरी दिल्लीत, निक्सी या संस्थेकडे. हे आयकॅनच्या वरचं नाही, खालचं आहे, आणि हे २०१६ नंतरही तसंच आहे. जे म्हणतात की आता सगळं जगाच्या मालकीचं झालं ते हा भाग सोयीने गाळतात.

पण रूटच्या पातळीवर काय होतं त्याची खरी परीक्षा २०२२ ला झाली. रशियाने हल्ला केल्यावर चार दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, युक्रेनच्या मंत्र्याने आयकॅनला पत्र लिहिलं की रशियाचं डॉट आरयू काढून टाका. सगळं पाश्चात्य जग युक्रेनच्या बाजूने, आणि आयकॅन बसलेली अमेरिकेत. तरी २ मार्चला उत्तर गेलं, नाही, हे आमचं काम नाही, आमची यंत्रणा शिक्षा द्यायला बनवलेली नाही. आयपी अॅड्रेस, म्हणजे नेटवरच्या मशीनचे नंबर, वाटणाऱ्या राइपनेही रशियाकडून ते काढून घ्यायला नकार दिला. त्या फॉरवर्डला माझं खरं उत्तर हे आहे. सरकारं एकत्र बसून मतदान करत असती तर त्या आठवड्यात डॉट आरयू राहिलं असतं का याची मला शंका आहे.

सानपाडा_फास्ट
मला तर हे सगळं गणेशोत्सवाच्या आधीच्या समन्वय समितीच्या मीटिंगसारखं वाटतंय. पोलीस, पालिका, वीजवाले, मंडळं सगळी एका हॉलमध्ये, सगळे एकमेकांवर वैतागलेले, उत्सव कोणाच्याच मालकीचा नाही आणि तरी दरवर्षी होतो.

नौपाड्याचे_आजोबा
पण मंडपाचा परवाना शेवटी पालिकाच देते हो!

मधुरा_लिपी
काकांच्या या वाक्यावरच मला लिहायचंय. आयकॅनमध्ये सरकारांची एक समिती आहे, गॅक म्हणतात, १८० च्या आसपास देश आहेत तिच्यात, भारत पण. ती परवाना देत नाही, सल्ला देते. पण सगळ्या देशांनी एकमताने दिलेला सल्ला फेटाळायचा असेल तर आयकॅनच्या बोर्डाला ६० टक्के मतं लागतात, आणि कारण पण द्यावं लागतं. म्हणजे सल्ला नुसता नावाला नाही.

डॉट अॅमेझॉनचं बघा. २०१२ ला अशा नव्या नावांसाठी अर्जांची फेरी झाली, तेव्हा कंपनीने हे नाव मागितलं, ब्राझील आणि पेरू म्हणाले ही आमची नदी आहे, आमचं जंगल आहे. गॅकने विरोध केला, २०१४ ला बोर्डाने अर्ज नाकारला. कंपनी अपिलात गेली, २०१७ ला तटस्थ पंच मंडळाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, मग वाटाघाटी करा म्हणून वेळ दिला, जमलं नाही, आणि २०१९ ला बोर्डाने कंपनीला पुढे जाऊ दिलं. सात वर्षं. देश हरले असं म्हणता येईल. मी तसंच म्हणते. पण सात वर्षं अडवून ठेवलं हेही खरं.

आपल्या सरकारनेही असा आक्षेप घेतला होता बरं का. त्याच फेरीत क्रायस्लरने डॉट राम मागितलं होतं, त्यांचा राम नावाचा ट्रक आहे म्हणून! आणि दुसरा आक्षेप डॉट इंडियन्स या नावावर. २०१३ च्या डर्बनच्या बैठकीत गॅकने भारताची ही चिंता लेखी नोंदवली.

घोडबंदरचा_पक्या
डॉट राम ट्रकवाल्यांना 😂😂 हे फॉरवर्ड झालं असतं तर दंगाच झाला असता.

वाशी४००७०३
हे सगळं ठीक पण यात माझ्यासारख्याचा काय संबंध? कंपन्यांकडे पगारी माणसं असतात, विमानाने जिनिव्हा, मोरोक्को, कुठे कुठे जातात. सरकारचे अधिकारी जातात. आपण ट्रान्स हार्बरला लोंबकळत जातो. सगळ्यांसाठी दरवाजा उघडा म्हणणं सोपं आहे हो.

मधुरा_लिपी
वाशी, हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. डॉट राम सारखं नाव मागायची फी बघितली तरी कळतं, २०१२ ला १ लाख ८५ हजार डॉलर होती, पुढच्या फेरीला २ लाख २७ हजार ठरवली. गरीब अर्जदारांना सवलत आहे, पण मागच्या वेळी तिचा फायदा जवळजवळ कोणालाच झाला नव्हता.

तरी एक सांगते, कारण हे काम मी जवळून बघितलंय, फॉन्टच्या धंद्यात आहे मी. देवनागरीतली नावं रूटमध्ये यायची तर कुठली अक्षरं चालतील याचे नियम लागतात. ते ठरवायला निओ-ब्राह्मी नावाचं पॅनल होतं, देवनागरी, गुजराती, कन्नड, तमिळ अशा नऊ लिप्यांचं. त्यात पुण्याच्या सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेतली माणसं होती, खाजगी कंपन्यांतली होती, भाषेचे अभ्यासक होते. देवनागरीचे नियम २०१९ ला लागू झाले. आता बघा गंमत. आपल्याला दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत, हिंदीवाल्याला तो डोळ्यावरच्या भुवईसारखा र लागतच नाही. तो र टाइप करायची एक पद्धत न दिसणारं जोडचिन्ह वापरते आणि रूटमध्ये न दिसणारी चिन्हं अजिबात चालत नाहीत, कारण फसवणुकीला वाव. मराठी, कोकणी, नेपाळी या भाषा यादीत धरल्या होत्या म्हणून नुक्तावाल्या ऱ ने होणारी जोडी वेगळी लिहून घेतली गेली. नसत्या धरल्या तर आपला दऱ्या कायमचा बाद. हे कुठल्या मंत्र्याने केलं नाही आणि कुठल्या कंपनीच्या फायद्याचंही नव्हतं.

आणि ठाण्याचा ठ! गुरुमुखीतला ठ जवळपास तसाच दिसतो. ट पण. म्हणजे एकाने देवनागरीत नाव घेतलं आणि दुसऱ्या लबाडाने दिसायला तेच गुरुमुखीत घेतलं तर बँकेचं गिऱ्हाईक फसणार. म्हणून अशा जोड्या आधीच बांधून ठेवल्या, एकाने घेतलं की दुसऱ्याला ते मिळत नाही.

महापेकर
मधुराताई, हे मला माहीतच नव्हतं. मस्त.

सानपाडा_फास्ट
+१. वेगळा धागा काढा यावर.

वकीलीणबाई_कोर्टनाका
माझ्या अनुभवातली दुसरी बाजू. माझ्या एका अशिलाचं जांभळी नाक्याला दुकान आहे, त्याच्या दुकानाचं नाव आणि फोटो चोरून कोणीतरी साइट काढली आणि ऑर्डरचे पैसे गोळा करायला लागला. पूर्वी हुइज या साइटमालकांच्या नोंदवहीत नाव टाकलं की मालकाचं नाव, पत्ता, फोन दिसायचा. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा खाजगी माहिती जपायचा कायदा लागू झाला, आयकॅनने घाईघाईने नियम बदलले आणि बहुतेक कंपन्यांनी ते सगळं जगभरच झाकून टाकलं, नाहीतर त्यांना दंड बसला असता. म्हणजे ठाण्यातल्या दुकानदाराला मालक शोधता येत नाही कारण ब्रसेल्समध्ये कायदा झाला. त्या चोराने ज्या कंपनीकडून नाव घेतलं होतं तिला आम्ही पत्रं लिहून लिहून थकलो, शेवटी पोलिसांमार्फत माहिती निघाली पण तोवर साइटवाला पसार.

आता मी याच्या विरोधात आहे का? नाही. कारण त्याच उघड्या पत्त्यांवरून बायकांचा पाठलाग व्हायचा, पत्रकारांना धमक्या जायच्या. पण हा तोल कसा साधायचा यावर पोलिसांची बाजू मांडणारे, ट्रेडमार्कवाले, खाजगीपणावाले असे सगळे त्या २०१८ पासून भांडतायत आणि अजून धड मार्ग नाही. २०२३ च्या शेवटी माहिती मागायची एक ऑनलाइन सोय काढली, त्यात सामील होणं कंपन्यांच्या मर्जीवर. महापेकर म्हणतात कोणाच्याच हातात नाही म्हणून टिकलं, मी म्हणते कोणाच्याच हातात नाही म्हणून रखडलं.

महापेकर
वकीलीणबाई, रखडतं हे मान्य. पण आमच्या इंजिनिअर लोकांच्या संस्थेत, आयईटीएफमध्ये, मतदानच नसतं माहितेय का? १९८६ पासून चालूय. कोणीही ईमेल लिस्टवर येऊन भाग घेऊ शकतो, सभासद फी वगैरे काही नाही. खोलीत एखाद्या मुद्द्यावर कौल घ्यायचा तर लोक तोंड मिटून हम्म्म करतात! ज्या बाजूला गुणगुण जास्त तिकडे कल आहे असं धरायचं, आणि तरी एखाद्याचा तांत्रिक आक्षेप खरा असेल तर तो एकटा असला तरी ऐकायचा. सरकार, कंपनी असं काही नाही, तुम्ही तिथे फक्त माणूस म्हणून असता. कागदावर. प्रत्यक्षात पगार गूगल, सिस्को, ह्वावे देत असतात हे पण सगळ्यांना माहीत असतं.

नौपाड्याचे_आजोबा
हम्म करून निर्णय! आमच्या खात्यात असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

घोडबंदरचा_पक्या
मग कंपनी जिंकते असंच ना शेवटी सगळीकडे?

मधुरा_लिपी
नाही पक्या. डॉट ऑर्गचं प्रकरण वाच. जगभरातल्या संस्थांची नावं त्यावर असतात. २०१९ च्या नोव्हेंबरात इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेनेच ते एका गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. म्हणजे बघा हं, इथे विकणारी एनजीओ होती! बाकीच्या एनजीओंनी आकाशपाताळ एक केलं, पण फिरवलं कोणी? कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलने. आयकॅन त्याच्या राज्यातली धर्मादाय संस्था म्हणून त्याने एप्रिल २०२० ला कडक पत्र पाठवलं, आणि महिनाअखेरीला आयकॅनने व्यवहार नाकारला.

म्हणून मला सरकार चांगलं की संस्था चांगल्या हे भांडणच पटत नाही. डॉट ऑर्ग सरकारने वाचवलं, दऱ्या पॅनलने वाचवला, डॉट आरयू नाही म्हणणाऱ्या संस्थेने वाचवलं.

नौपाड्याचे_आजोबा
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे की तुमच्या?

मधुरा_लिपी
दोघांच्या काका 🙂

वकीलीणबाई_कोर्टनाका
एक राहिलंच. बटण बटण करताय सगळे, तर बटण आहे, पण ते अमेरिकेत नाही. आधी २०१७ च्या आणि आता २०२४ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या गृह विभागाचा सचिव लेखी हुकूम देऊन एखाद्या भागातलं इंटरनेट बंद करू शकतो. आयकॅनला विचारायची गरज नाही, रूट झोनला हात लावायची गरज नाही, मोबाईल कंपन्यांना पत्र गेलं की झालं. २०२० ला काश्मीरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे हुकूम प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही. तरी नेट बंद करणाऱ्या देशांच्या यादीत भारत दरवर्षी जगात वरच असतो. म्हणून त्या ग्रुपवर उत्तर देताना हे पण लिहा महापेकर.

वाशी४००७०३
हे लिहिलं की ग्रुपमधून काढतील त्यांना.

महापेकर
काढू देत.

वाशी, तुझ्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. आयकॅनच्या बैठका ऑनलाइन फुकट बघता येतात, बोलता पण येतं. साध्या वापरणाऱ्यांसाठी अॅट-लार्ज नावाचा गट आहे. आणि आयजीएफ हे इंटरनेटच्या कारभारावरचं संमेलन, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००६ पासून भरतं ते. तिथे निर्णय होत नाहीत, नुसती चर्चा, त्यामुळे बरेच जण नाकं मुरडतात, पण मंत्री आणि विद्यार्थी एकाच खोलीत समोरासमोर प्रश्न विचारतात असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. २००८ ला ते हैदराबादला भरलं होतं, ३ डिसेंबरपासून, २६/११ ला आठवडा झाला होता फक्त. तरी झालं.

नौपाड्याचे_आजोबा
मी अॅट-लार्जच्या एका ऑनलाइन मीटिंगला नाव नोंदवायला बसलोय. नातवाने फॉर्म उघडून दिलाय. नाव झालं, देश झाला. पुढे विचारतात तुमची संस्था कोणती. मी तर कोणाचाच प्रतिनिधी नाही. तिथे काय लिहू?

मधुरा_लिपी
रिकामं ठेवा किंवा स्वतः असं लिहा, चालतं काका.

घोडबंदरचा_पक्या
ज्येष्ठ नागरिक कट्टा, नौपाडा असं ठोका बिनधास्त.

नौपाड्याचे_आजोबा
ठोकलं. आता विचारतात दुभाषी कुठल्या भाषेत हवा. यादीत मराठी नाहीये, हिंदीही नाहीये. पहिला आक्षेप इथेच नोंदवतो.